धूम्रपानाविषयीची लोकमते आणि सरकारी आरोग्यदाव्यांवरील विश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतील गृहसंकुले, महाविद्यालये आणि वागळे इस्टेट, रबाळे, महापे येथील कारखान्यांत आम्ही तंबाखूविषयी बोलायला जातो. सभा संपल्यावर चिठ्ठ्यांवर आणि नंतर मोबाइलवर येणारे प्रश्न बहुतेक तेच असतात, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक प्रश्नांचा रोख सिगारेटपेक्षा सरकारवर असतो. त्या प्रश्नांना एकत्रितपणे दिलेली ही उत्तरे आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे मुद्दा आधी येऊन गेला आहे, तिथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सिगारेट वाईट हे आता सगळ्यांनाच माहीत आहे. मग वेगळे सांगण्यासारखे काय उरले?

ढोबळमानाने हे खरे आहे. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांनी धूम्रपानामुळे गंभीर आजार होतो असे सांगितले. मात्र सभेत ‘कोणता आजार?’ असे विचारले, की फुफ्फुसाचा कर्करोग हे उत्तर लगेच येते, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात जरा थांबून येतात, आणि क्षयरोगाचे नाव क्वचितच कोणी घेते. प्रत्यक्षात आपल्या देशात धूम्रपान करणाऱ्यांच्या अकाली मृत्यूंमागे क्षयरोग, श्वसनाचे जुनाट आजार आणि हृदयविकार यांचा वाटा फार मोठा आहे.

दुसरी अडचण अशी, की धोका मान्य असला तरी तो दुसऱ्याचा वाटतो. ‘मी दिवसाला एकच ओढतो, तीही जेवणानंतर’ हे वाक्य आम्ही सर्वाधिक ऐकतो. रोज एक सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो, तो रोज वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या विसाव्या हिश्श्याइतका नसतो, तर जवळजवळ निम्मा असतो. अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला हा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘थोडीशी चालते’ हा समज त्यापुढे टिकत नाही.

२. तंबाखूचे प्रमाण घटले असे सरकार सांगते. आमच्या नाक्यावर तर टपऱ्या वाढलेल्या दिसतात. हे आकडे येतात कुठून?

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणातूनच (पाहा प्रश्न १). केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी त्याची पहिली फेरी (२००९-१०) देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने आणि दुसरी फेरी (२०१६-१७) टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने केली. दुसऱ्या फेरीत देशभरात सुमारे ७४ हजार व्यक्तींच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या गेल्या. तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण या दोन फेऱ्यांत ३४.६ टक्क्यांवरून २८.६ टक्क्यांवर आले आणि धूम्रपानाचे १४ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर.

महाराष्ट्राचे चित्र वेगळे आहे आणि ते नीट पाहिले पाहिजे. दुसऱ्या फेरीनुसार राज्यात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, परंतु धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते. मळलेली तंबाखू, मावा, गुटखा, मशेरी अशा धूरविरहित प्रकारांचे प्रमाण २४.४ टक्के होते. म्हणजे आपल्याकडे सिगारेटविरोधी मत बरेच घट्ट आहे. ते मशेरीच्या डबीपर्यंत आणि कामगाराच्या खिशातल्या चुन्याच्या डबीपर्यंत पोहोचलेले नाही.

या आकड्यांच्या मर्यादाही आहेत. ही माहिती लोकांनी स्वतः सांगितलेली असते. घरातील वडीलधाऱ्यांसमोर सून मशेरीचे सांगेल, पण सिगारेटचे सांगेलच असे नाही. त्यामुळे स्त्रियांच्या धूम्रपानाचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी असण्याची शक्यता धरावी. शिवाय हे चित्र २०१६-१७चे आहे. टपऱ्यांची संख्या हा वेगळा निर्देशक आहे: वस्ती वाढली, की प्रमाण घटूनही ग्राहकांची संख्या वाढू शकते आणि घोडबंदर रस्त्यावर वस्ती किती वाढली, हे वेगळे सांगायला नको.

३. तंबाखूने कर्करोग होतो हे परदेशी संशोधन आहे ना? भारतात ते सिद्ध कुठे झाले आहे?

हा प्रश्न लोकांनी स्वतःहून शोधून काढलेला नाही. तो त्यांच्यापर्यंत वरून आला आहे. २०१५ मध्ये पाकिटावरील इशारे मोठे करण्याचा नियम अमलात येणार होता, तेव्हा संसदेच्या संबंधित समितीचे अध्यक्ष आणि अहमदनगरचे तत्कालीन खासदार दिलीप गांधी यांनी तंबाखूमुळे कर्करोग होतो हे दाखवणारे भारतीय सर्वेक्षण नाही, असे जाहीरपणे सांगितले आणि नियम पुढे ढकलला गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांचे तोंडाच्या कर्करोगाने निधन झाले होते. महाराष्ट्र ते दुःख विसरला नव्हता, तोच हे विधान आले.

वस्तुस्थिती अशी आहे. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांचा धूम्रपान आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाविषयीचा प्रसिद्ध अभ्यास १९५० मध्ये छापून आला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९५५ मध्ये, मुंबईत संघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे आणि तोंड-घशाचे कर्करोग यांचा संबंध दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला. भारतीय पुरावा त्या विधानाच्या साठ वर्षे आधीपासून छापील स्वरूपात उपलब्ध होता, आणि तो आपल्याच रुग्णांवर आधारलेला होता.

पुढे १९९१ पासून मुंबईच्या मतदार याद्यांच्या आधारे सुमारे १ लाख ४८ हजार लोकांची नोंद करून त्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्यात आला. कार्यकर्ते तेच पत्ते घेऊन पुन्हा त्या चाळींत आणि वस्त्यांत गेले आणि कोण हयात आहे, कोण नाही, याची घरोघर विचारपूस केली. हे काम करणाऱ्या संशोधकांची संस्था पुढे नवी मुंबईत, सीबीडी बेलापूरला उभी राहिली. २००८ मध्ये सुमारे ११ लाख घरांतील मृत्यूंच्या चौकशीवर आधारलेला राष्ट्रीय अभ्यास आला. त्यात भारतात धूम्रपानामुळे वर्षाला सुमारे दहा लाख मृत्यू होऊ लागतील असा अंदाज होता. इतके वाचल्यावर ‘भारतात सिद्ध नाही’ असे म्हणता येत नाही.

४. विडी तर पानाची असते, नैसर्गिक असते. ती सिगारेटपेक्षा बरी नाही का?

नाही. तेंदूच्या पानातून जळते ती तंबाखूच. विडी मध्येच विझते, म्हणून ती पेटती ठेवण्यासाठी झुरके अधिक वेळा आणि अधिक जोराने घ्यावे लागतात.

येथे एक गोष्ट उघडपणे सांगितली पाहिजे, कारण चौकस वाचकाला ती सापडेलच. मतदार याद्यांवर आधारलेल्या मुंबईच्या अभ्यासात (पाहा प्रश्न ३) विडी ओढणाऱ्या पुरुषांतील मृत्यूचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा अधिक आढळला. २००८च्या राष्ट्रीय अभ्यासात मात्र विडीमुळे पुरुषांचे सरासरी ६ वर्षांचे, स्त्रियांचे ८ वर्षांचे आणि सिगारेटमुळे पुरुषांचे १० वर्षांचे आयुष्य कमी होते असे दिसले. अधिक वाईट कोणते, यावर दोन अभ्यासांचे एकमत नाही. दोहोंपैकी एकही निरुपद्रवी नाही, यावर पूर्ण एकमत आहे. संशोधनातील मतभेद म्हणजे नेमके काय आणि त्यामुळे काय ढळते व काय ढळत नाही, हे समजण्यासाठी हे उदाहरण आम्ही मुद्दाम सांगतो.

५. सरकार सिगारेटवर कर घेते, सरकारी विमा कंपनी सिगारेट कंपनीत पैसा गुंतवते, आणि वर आम्हाला सांगते की ओढू नका. अशा सरकारवर विश्वास का ठेवायचा?

ही तक्रार रास्त आहे आणि तिच्यातील तपशील खरे आहेत. वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील तंबाखू मंडळ १९७५च्या कायद्याने स्थापन झाले आणि तंबाखूचे उत्पादन व निर्यात यांची व्यवस्था पाहते. सरकारी विमा कंपनी एलआयसी ही सिगारेट बनवणाऱ्या आयटीसीच्या सर्वांत मोठ्या भागधारकांपैकी एक आहे. सरकारी विमा कंपन्यांच्या अशा गुंतवणुकीविरुद्ध २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली. वस्तू व सेवा कर आला तेव्हा सिगारेटवर लावलेला भरपाई उपकर विडीवर लावला गेला नाही, आणि विडी स्वस्तच राहिली. एक हात तंबाखू विकण्याची सोय करतो आणि दुसरा तिचे धोके सांगतो, हे नागरिकांना दिसते. त्यांनी ते विचारलेच पाहिजे.

मात्र या तक्रारीतून काढला जाणारा निष्कर्ष नेमका उलटा असायला हवा. एखाद्याच्या बोलण्यावर आपण संशय घेतो, तो त्याला त्यातून काही मिळणार असते म्हणून. तंबाखूतून महसूल मिळवणाऱ्या सरकारला फायदा कशात आहे? धोका लहान करून सांगण्यात. २०१५ मध्ये घडले ते त्याच दिशेने घडले (पाहा प्रश्न ३). म्हणून सरकार ‘धूम्रपान जीवघेणे आहे’ असे म्हणते, तेव्हा ते स्वतःच्या आर्थिक हिताविरुद्ध बोलत असते. संशय घ्यायचाच, तर सरकार ‘एवढे काही नाही’ असे म्हणते तेव्हा घ्यावा.

याहून महत्त्वाचे म्हणजे हा दावा सरकारच्या शब्दावर उभाच नाही. तो डॉक्टरांच्या नोंदींवर, मतदार याद्यांवरून झालेल्या पाठपुराव्यावर आणि वेगवेगळ्या देशांतील, एकमेकांशी कसलाही लागाबांधा नसलेल्या संशोधकांच्या कामावर उभा आहे. सरकार बदलले, मंत्री खोटे बोलला, खाते झोपले, तरी त्या नोंदी बदलत नाहीत.

६. मग तंबाखू कंपन्यांची बाजू ऐकायला काय हरकत आहे? त्यांचेही शास्त्रज्ञ असतात.

ऐकावी, पण त्यांचा इतिहास माहीत असावा. अमेरिकेतील प्रमुख कंपन्यांनी जानेवारी १९५४ मध्ये वृत्तपत्रांत निवेदन देऊन लोकांच्या आरोग्याला आपण सर्वोच्च महत्त्व देतो असे सांगितले. पुढे उघड झालेल्या अंतर्गत कागदपत्रांपैकी १९६९च्या एका टिपणात ‘संशय हेच आपले उत्पादन आहे’ अशा अर्थाचे वाक्य सापडले. २००६ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने या कंपन्यांनी दशकानुदशके जनतेची फसवणूक केल्याचा निर्णय दिला. ‘अजून पुरेसे सिद्ध नाही’ हा सूर आजही कानावर पडतो, तेव्हा तो प्रथम कोणी, कशासाठी लावला होता, हे आठवावे.

७. पाकिटावरची चित्रे भीती घालण्यासाठी वाढवून दाखवलेली असतात का?

ती चित्रे भीती वाटावी म्हणूनच असतात, हे मान्य आहे. पण त्यांत दाखवलेला आजार काल्पनिक नाही. तशा जखमा असलेले रुग्ण परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आणि खारघरच्या त्याच्या केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागात कोणत्याही सकाळी दिसतात. एप्रिल २०१६ पासून हा इशारा पाकिटाच्या ८५ टक्के भागावर असतो. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तो नियम रद्द केला होता. जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

आमच्या मते खरी त्रुटी वेगळ्या ठिकाणी आहे. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला किंवा वाशीच्या एखाद्या चहाच्या टपरीवर पाच मिनिटे उभे राहून पाहा. गिऱ्हाईक दोन बोटे वर करते, टपरीवाला फळीमागच्या उघड्या पाकिटातून दोन सिगारेटी काढून देतो, गिऱ्हाईक दोरीला बांधलेल्या लायटरवर ती पेटवते आणि कटिंगचा ग्लास उचलते. पाकीट फळीमागून बाहेर येतच नाही, चित्र दिसत नाही, इशारा वाचला जात नाही. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्ट्या सिगारेटी व विड्यांच्या विक्रीवर बंदी घातली, ती याच कारणासाठी. ती बंदी टपरीपर्यंत पोहोचलेली नाही, आणि जोवर पोहोचत नाही तोवर चित्र कितीही मोठे केले तरी निम्मे काम वाया जाते.

८. चित्रपटगृहात दाखवायचे तो मुकेश खरा होता, की नट?

खरा होता. गुटख्यामुळे तोंडाचा कर्करोग झालेला तो तरुण टाटा मेमोरियलमध्ये उपचार घेत होता आणि २००९ मध्ये, वयाच्या अवघ्या २४व्या वर्षी तो गेला. त्याची चित्रफीत लोकांनी इतक्या वेळा पाहिली, की तिच्यावर विनोद होऊ लागले आणि ‘सरकारने नट उभा केला’ अशी समजूत पसरली. महाविद्यालयात हे सत्य सांगितल्यावर वर्ग एकदम शांत होतो. एका आजारी मुलाने आपला शेवटचा काळ इतरांच्या उपयोगी पडावा म्हणून कॅमेऱ्यासमोर घालवला. त्याची थट्टा थांबावी, एवढी आमची मनापासून विनंती आहे.

९. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो मिळतो. मग सरकारचे बोलणे गांभीर्याने का घ्यायचे?

येथे दोन वेगळे दावे एकत्र बांधले जातात. ‘गुटखा घातक आहे’ हा आरोग्याचा दावा आहे. ‘आम्ही गुटखा बंद केला’ हा कारभाराचा दावा आहे. दुसरा फोल ठरला म्हणून पहिला खोटा ठरत नाही. बंदीनंतर पानमसाला आणि तंबाखू अशा दोन वेगवेगळ्या पुड्या शेजारी शेजारी विकल्या जाऊ लागल्या आणि गिऱ्हाईक त्या तोंडात एकत्र करू लागले. कारभाराच्या दाव्याबद्दल महापालिकेला, पोलिसांना आणि अन्न व औषध प्रशासनाला जाब जरूर विचारावा. मात्र त्या रागात पुडी फोडू नये.

१०. आमचे आजोबा रोज विडी ओढत आणि ८५ वर्षे जगले. याचे काय?

ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षे पाठपुरावा केल्यावर असे दिसले, की धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे त्यामुळेच दगावतात. म्हणजे उरलेले निम्मे त्यामुळे दगावत नाहीत, आणि आपले आजोबा त्यांच्यापैकी असू शकतात. त्यांच्या बरोबरीने विडी ओढणारे त्यांचे मित्र किती वर्षे जगले, हे घरच्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारून पाहावे. जे लवकर गेले, त्यांची उदाहरणे द्यायला कोणी उरलेले नसते.

११. कोविडच्या काळात धूम्रपान करणाऱ्यांना कमी संसर्ग होतो असे सरकारी संस्थेनेच सांगितले होते. मग खरे काय?

सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेच्या रक्तचाचणी सर्वेक्षणात धूम्रपान करणाऱ्यांमध्ये प्रतिपिंडे (संसर्ग होऊन गेल्याची रक्तातील खूण) कमी आढळली, अशी बातमी जानेवारी २०२१ मध्ये आली, आणि आरोग्य मंत्रालय तर आधीपासून धूम्रपान करणाऱ्यांना धोका अधिक असल्याचे सांगत होते. लोक गोंधळले यात नवल नाही. प्रतिपिंडे कमी आढळणे आणि संरक्षण मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय असे सर्वेक्षण केवळ संबंध दाखवते, कारण दाखवत नाही. संसर्ग झाल्यावर धूम्रपान करणाऱ्यांचा आजार गंभीर होण्याची शक्यता अधिक असते, हे अनेक देशांतील नोंदींतून दिसले. एका बातमीची आणि सत्तर वर्षांच्या पुराव्याची किंमत सारखी धरू नये, हा येथील धडा आहे. तो बातमी देणाऱ्यांनीही घ्यायला हवा होता.

१२. ब्रिटनमध्ये डॉक्टर ई-सिगारेट सुचवतात आणि भारतात ती बेकायदा आहे. दोघांपैकी एक सरकार खोटे बोलत आहे का?

आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत हा सर्वांत अवघड आहे, आणि ऐरोलीच्या आयटी कंपन्यांतील तरुणांकडून तो वारंवार येतो. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये ई-सिगारेट ही सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचा अंदाज दिला. भारताने सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेशाने आणि नंतर कायद्याने तिचे उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक आणि जाहिरात यांवर बंदी घातली. साठवणूक वगळता इतर बाबतींत पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

रसायनशास्त्र दोन्ही देशांत एकच आहे. धोरणाचा हिशेब वेगळा आहे. ब्रिटनपुढे आधीच सिगारेट ओढणाऱ्या लाखो प्रौढांना तीतून बाहेर काढण्याचा प्रश्न होता. आपल्याकडे सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण कमी आहे, तपासणीची यंत्रणा दुबळी आहे, आणि कधीच धूम्रपान न केलेली मुले निकोटीनकडे वळण्याची भीती मोठी होती. सिगारेट मात्र कायदेशीर ठेवून तिच्यापेक्षा कमी घातक मानली जाणारी वस्तू बंद केली, ही टीका वजनदार आहे आणि तिला समाधानकारक उत्तर दिले गेलेले नाही. ‘कमी घातक’ म्हणजे ‘निर्धोक’ नव्हे, आणि चोरून विकल्या जाणाऱ्या उपकरणात काय भरले आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते; त्यामुळे येथे राहणाऱ्याने ब्रिटनचा सल्ला जसाच्या तसा उचलणे धोक्याचे आहे.

१३. हुक्का आणि ‘माइल्ड’ सिगारेट तरी चालते का?

नाही. सौम्य सिगारेट ओढणारा तेवढेच निकोटीन मिळवण्यासाठी नकळत खोल झुरके घेतो, आणि हुक्क्यातील पाणी धूर थंड करते, शुद्ध करत नाही.

१४. सार्वजनिक ठिकाणी बंदी आहे म्हणतात, मग रस्त्यावर, सोसायटीच्या आवारात लोक ओढताना कसे दिसतात?

सर्वोच्च न्यायालयाने मुरली देवरा यांच्या याचिकेवर नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर बंदी आणली, २००३ मध्ये केंद्रीय कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सुधारित नियम लागू झाले. कार्यालये, उपाहारगृहे, मॉल, रेल्वे स्थानके, बसथांबे यांचा त्यांत समावेश आहे. दंड २०० रुपयांपर्यंत आहे. तीस किंवा अधिक खोल्यांचे हॉटेल, तीस किंवा अधिक आसनांचे उपाहारगृह आणि विमानतळ येथे स्वतंत्र धूम्रपान कक्षाला मुभा आहे. मोकळी जागा कायद्यातील ‘सार्वजनिक ठिकाण’ या मूळ व्याख्येतून वगळलेली आहे आणि स्वतःच्या घराला हा कायदा लागू होत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या गॅलरीतून येणाऱ्या धुराचा प्रश्न पोलिसांपेक्षा सर्वसाधारण सभेत लवकर सुटतो. तेथे लहान मुले आणि दम्याचे रुग्ण यांचा मुद्दा मांडावा. आमच्या अनुभवात तो बहुतेकांना पटतो.

१५. एखादा नवा सरकारी आरोग्यदावा कानावर आला, तर तो खरा मानायचा की नाही, हे सामान्य माणसाने कसे ठरवावे?

प्रथम तो कोणत्या जातीचा आहे ते पाहावे: आजाराविषयीचा, आकड्यांविषयीचा, की स्वतःच्या कामगिरीविषयीचा. कामगिरीच्या दाव्यावर सर्वाधिक संशय घ्यावा (पाहा प्रश्न ९), आकड्याच्या दाव्यात तो कधीचा आणि कोणी मोजलेला आहे हे विचारावे (पाहा प्रश्न २), आणि आजाराच्या दाव्यात सरकारशी संबंध नसलेल्यांनीही तेच म्हटले आहे का, हे पाहावे. तो दावा करून सरकारचा फायदा होतो की तोटा, हेही विचारात घ्यावे (पाहा प्रश्न ५).

१६. मला सोडायची आहे, पण सरकारी हेल्पलाइनवर फोन करण्याचा विश्वास वाटत नाही. काय करू?

१८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक मोफत आहे, तंबाखूच्या पाकिटावर छापलेला असतो, आणि त्याच्या प्रादेशिक केंद्रांपैकी एक टाटा मेमोरियलकडे आहे. पलीकडे बोलणारी व्यक्ती समुपदेशक असते. तरीही मन घेत नसेल, तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलावे. निकोटीनयुक्त च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळते. हृदयविकार असल्यास किंवा गरोदरपणात ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप बिघडते, चहाबरोबर हात खिशाकडे जातो. तेवढे दिवस चहाची जागा आणि चहाचे सोबती बदलता आले, तर फार मदत होते. पुन्हा एखादी ओढली गेली तर पहिल्यापासून सुरुवात करावी. बहुतेकांची सुटते ती अनेक प्रयत्नांनंतरच. ब्रिटिश डॉक्टरांच्या त्याच अभ्यासानुसार (पाहा प्रश्न १०) साठाव्या वर्षी सोडणाऱ्याला सुमारे तीन, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला जवळजवळ दहा वर्षे परत मिळतात.